छटाकभर ऊन

फिल्टर म्हटलं की आपल्या बेळगावकडच्या घरांत दोनच वस्तू आठवतात. एक ओट्यावरचा पाण्याचा आणि दुसरा कॉफीचा. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात तिसरा आला. कॅमेऱ्याच्या लेन्सवर बसवायचा, काळसर काचेचा, आणि कडा फिरवली की कमी-जास्त काळा होणारा. त्याचं संपूर्ण नाव ‘व्हेरिएबल न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर’. नाव इतकं लांबलचक की दुकानदारही नुसतं ‘व्हीएनडी’ म्हणतात. काम मात्र एका ओळीत सांगता येतं : लेन्समध्ये शिरणारा उजेड हवा तेवढा कमी करायचा.

कॅमेरा हे उजेड पकडायचं यंत्र. त्यासाठी आधी पैसे मोजायचे आणि नंतर तोच उजेड अडवायला पुन्हा पैसे मोजायचे, हे ऐकून घरातली पुरुषमंडळी हसली. त्यांचंही चूक नव्हतं. चार हजारांच्या वर एक पैसा या कामासाठी द्यायचा नाही, असं आधीच ठरलं होतं आणि बाजारात हा फिल्टर हजार-बाराशेपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत मिळतो. एवढ्या मोठ्या अंतरात आपल्याला नेमका कुठला पुरेल, हे शोधायला आम्हाला महिना लागला. त्या महिन्यात जे कळलं ते इथे सांगते. घरोघरी आता मुलांच्या हातात कॅमेरे आहेत आणि घरोघरी वयस्कर माणसंही आहेत. कुणाला तरी उपयोग होईल.

हे सगळं सुरू झालं ते अव्वांमुळे. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर गोकाक तालुक्यातलं, घर पक्कं कन्नड. लग्न होऊन शहापुरातल्या या मराठी घरात आल्या त्याला आता साठ वर्षं होऊन गेली. वय ब्याऐंशी. दर वर्षी होळी झाली की त्यांची कुरडईची तयारी सुरू होते. आपण कुरडई म्हणतो, त्या कुरडगी म्हणतात. गेल्या वर्षी शेवटचा घाणा घालून उठताना त्यांनी मनगट दाबलं आणि म्हणाल्या, “फुडच्या वर्साला मी बसंन का नाही, सांगता येत नाही गं.” त्यांच्या तोंडून असं वाक्य आम्ही प्रथमच ऐकलं.

कुरडईची कृती पुस्तकांत मिळते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, मीठ-हिंग घालून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून उन्हात घालायचा. पण चीक किती शिजवायचा, हे मी अव्वांना जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा एकच उत्तर मिळालं : “हद बरूतनक.” हद येईपर्यंत. कन्नडमधल्या या ‘हद’ला मराठीत एक शब्द नाही. पाकाचा पाक होणं, कणीक मुरणं, माती वाफशावर येणं, या सगळ्याला मिळून तो शब्द आहे. तो कागदावर उतरत नाही, डोळ्यांनीच बघावा लागतो. म्हणून माझ्या लेकीने ठरवलं की यंदा अज्जीची कुरडई पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओत घ्यायची. तिच्याकडे सेकंडहँड कॅमेरा आहे, दोन लेन्स आहेत. अडलं ते उन्हापाशी.

कुरडई सावलीत होत नाही. अव्वांचा दिवस साडेआठ-नऊला परसात सुरू होतो आणि एप्रिलमधलं नऊचं ऊन काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. आता कॅमेऱ्याचं गणित बघा. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं घेतली तर प्रत्येक चित्रासाठी शटर सेकंदाचा १/५० भाग उघडं ठेवायचं, असा जुना सिनेमावाल्यांचा प्रघात आहे. त्यामुळे हलणारा हात डोळ्यांना दिसतो तसाच, किंचित पुसट, वाहता दिसतो. आपल्याकडे वीजही ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली चित्र फडफडत नाही, हा आणखी एक फायदा.

पूर्वी फिल्मरोलसोबत सूर्य आणि ढग यांची चित्रं काढून एक ठोकताळा छापलेला असे. तो आजही खरा आहे. भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ ठेवायचं आणि शटर फिल्मच्या वेगाएवढं, म्हणजे १०० आयएसओला १/१००. आम्हाला हवं १/५०, म्हणजे दुप्पट वेळ. मग छिद्र आणखी एक पायरी बारीक, एफ २२. पण इतक्या बारीक छिद्रात अव्वांच्या मागची कपड्यांची दोरी, उभी मोटारसायकल आणि शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, सगळं त्यांच्या चेहऱ्याइतकंच ठळक होतं. मागचं सगळं धूसर होऊन अव्वा आणि त्यांचे हात तेवढे उठून दिसायचे असतील तर छिद्र एफ २.८ च्या आसपास मोठं हवं. २२ पासून १६, ११, ८, ५.६, ४, २.८ अशा सहा पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट, म्हणजे सहा पायऱ्यांत ६४ पट उजेड जादा.

तो जादा उजेड शटरने अडवायचा म्हटलं तर १/५० चं १/३२०० करावं लागतं. लेकीने तसं करूनही पाहिलं. मी परसात लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. चित्रात माझा हात यंत्रासारखा तुटक-तुटक हलत होता. साधी कैरी चिरताना असं, तर गोल-गोल फिरणाऱ्या सोऱ्याचं काय झालं असतं? म्हणून हा काळा चष्मा. छिद्र मोठं ठेवायचं, शटर १/५० वर ठेवायचं आणि जादा ऊन लेन्सच्या दारातच थांबवायचं.

किती थांबवायचं याची या धंद्यातली मापं वेगळी आहेत आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ तिथेच होतो. एकाच ताकदीच्या फिल्टरवर एक कंपनी ‘एनडी ८’ लिहिते, दुसरी ‘०.९’ लिहिते, तिसरी ‘३ स्टॉप’. तिन्हींचा अर्थ एकच, आठातला एक भाग उजेड आत जाणार. हे मी जेवताना लेकीला समजावत होते तेव्हा अव्वा ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हंजे नवटाक.”

मी क्षणभर थांबले आणि मग सगळी मापं ओळीने लागली. १९५६ चा कायदा येऊन दुकानांतून शेर गेला, पण अव्वांच्या पिठाच्या डब्यात अजून शेर-पावशेरच चालतो. पूर्ण ऊन म्हणजे शेर. एनडी २ म्हणजे अच्छेर, एनडी ४ म्हणजे पावशेर, एनडी ८ म्हणजे नवटाक, एनडी १६ म्हणजे छटाक. प्रत्येक वेळी निम्मं. एनडी ३२ म्हणजे अर्धा छटाक आणि आमच्या त्या सहा पायऱ्या, एनडी ६४, म्हणजे पाव छटाक. शेरभर उन्हातलं छटाकभर किंवा त्याहून कमी ऊन आत घ्यायचं, एवढीच ही विद्या. ज्यांच्या घरात अजून अशी मापं बोलली जातात त्यांनी स्टॉपचे तक्ते पाठ करायची गरज नाही.

मग प्रश्न आला, एकाच ताकदीचा साधा फिल्टर घ्यावा की फिरवून बदलणारा? साधा फिल्टर स्वस्त पडतो, त्याच किमतीत काच चांगली मिळते आणि त्याचे उपद्रवही कमी. गोकाकचा धबधबा दुधासारखा वाहता दाखवायचा असेल, कॅमेरा तिपाईवर असेल आणि हाताशी वेळ असेल, तर डोळे झाकून साधा घ्यावा. ५२ मीटरवरून पडणारी घटप्रभा कुठे पळून जात नाही. पण अव्वा थांबत नाहीत. चिकाचं पातेलं पडवीत झाकून ठेवलेलं असतं, कारण चीक निवला तर सोऱ्यातून उतरत नाही. सोऱ्या पडवीत भरायचा, उन्हात येऊन घालायचा, पुन्हा पडवीत. असं तासभर. पडवीतल्या आणि परसातल्या उजेडात साधारण तीन पायऱ्यांचा फरक. दर फेरीला फिल्टर काढून दुसरा घालायचा म्हटलं तर चीक आणि अव्वा दोघंही गार होणार. फिरवणारा घेण्याचं आमचं खरं कारण हे एवढंच. तुमचं माणूस एकाच जागी बसून काम करणारं असेल, तर जादा पैसे घालू नका.

आता हा फिरतो म्हणजे काय होतं, ते आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी स्टाफरूममध्ये दोन पोलरॉइड गॉगल घेऊन दाखवलं. घरीही करून पाहता येईल. एकावर एक गॉगल धरून एक हळूहळू आडवा फिरवा. मागचं दृश्य काळवंडत जातं आणि पूर्ण आडवा झाला की जवळजवळ अंधार. फिल्टरमध्ये असेच दोन पडदे असतात, मागचा स्थिर, पुढचा फिरता. १८०८ साली एत्येन-लुई मालुस या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेलं ऊन एका स्फटिकातून पाहिलं आणि त्याला या प्रकाराचा सुगावा लागला. कोन किती फिरवला की उजेड किती उरतो, हा त्याचा नियम आजही पाठ्यपुस्तकात त्याच्याच नावाने आहे. असे पडदे पातळ आणि स्वस्त झाले ते पुढे एडविन लँड या अमेरिकन संशोधकामुळे. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पोलरॉइड हे नाव त्याच्याच कामातून घरोघर गेलं.

मालुसच्या नियमात या खरेदीची किल्ली आहे. पुढचा पडदा ४५ अंश फिरवला की उजेड निम्मा होतो. ६० ला पाव. ६९ च्या जवळ आठवा हिस्सा, साडेपंचाहत्तरला सोळावा, ८० च्या जवळ बत्तिसावा आणि ८३ च्या जवळ चौसष्टावा. म्हणजे पहिली पायरी उतरायला ४५ अंश लागतात, पाचवी अवघ्या ४ अंशांत उतरते आणि सहावी ३ अंशांत. शेवटाकडे बोट जरा हललं तरी चित्र बदलतं. शिवाय दोन पडदे पूर्ण आडवे व्हायला आले की लेन्समध्ये तिरपा येणारा उजेड सगळीकडे सारखा अडत नाही. रुंद दाखवणाऱ्या लेन्सवर मग चित्रात काळी फुली उमटते. कोपरे उजळ, मध्ये फुली. ही फुली भारीतला भारी फिल्टरही पुरती टाळू शकत नाही, कारण ती पडद्यांच्या स्वभावातच आहे.

म्हणूनच खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलायचं नाही. ‘एनडी २ ते ४००’ असं लिहिलेला फिल्टर हजार रुपयांत मिळतो. ४०० म्हणजे साडेआठ पायऱ्यांच्याही वर. आकडा भारदस्त, पण त्यातल्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्या फुलीतच जातात. त्यापेक्षा ‘एनडी ४ ते ३२’ म्हणजे दोन ते पाच पायऱ्या एवढंच कबूल करणारा आणि दोन्ही टोकांना अडणारा फिल्टर बरा. अशा फिल्टरमध्ये पुढची कडा ठरावीक मर्यादेच्या पलीकडे फिरतच नाही. बनवणाऱ्याने फुलीच्या अलीकडेच कुंपण घातलेलं असतं.

पण आम्हाला तर सहा पायऱ्या हव्या होत्या, मग पाचांत कसं भागणार? ते सोपं होतं. छिद्र एफ २.८ ऐवजी एफ ४ ठेवलं की एक पायरी तिथेच सोसली. मागची मोटारसायकल थोडी जास्त ओळखू येईल, येऊ दे. उन्हात पाच पायऱ्या, सावलीत त्यातून तीन वजा, म्हणजे दोन. दोन ते पाच! आमचं परस आणि आमची पडवी त्या कुंपणात नेमकी बसत होती. हा हिशेब वहीत मांडल्यावर पंधरा हजारांच्या फिल्टरचा मोह आपोआप गळाला. होया, टिफेन यांसारखी या धंद्यातली जुनी नावं वाईट आहेत असं मुळीच नाही. रोज लग्नसमारंभाचं शूटिंग करून पोट भरणाऱ्याने तिकडे अवश्य पाहावं. आम्हाला वर्षातले चार दिवस, एक परस आणि एक अज्जी यांच्यापुरता हवा होता.

दुसरी बचत मापाची. प्रत्येक लेन्सच्या पुढच्या कडेवर गोलाला तिरपी रेघ मारलेलं चिन्ह आणि त्यापुढे आकडा असतो, तो फिल्टरचा व्यास. आमच्या एका लेन्सला ५८ मिलिमीटर, दुसरीला ४९. दोघींना दोन फिल्टर घेण्यापेक्षा मोठ्या मापाचा एकच घ्यायचा आणि मधल्या फटीसाठी ‘स्टेप-अप रिंग’ घ्यायची. धातूचं साधं कडं, दोन-अडीचशे रुपयांचं. आम्ही ६७ मिलिमीटरचा फिल्टर आणि दोन कडी घेतली. उद्या लेकीने मोठी लेन्स घेतली तरी हाच चालेल, आणि मोठा असल्यामुळे त्याची कडा चित्राच्या कोपऱ्यात डोकावत नाही. एकच अडचण, मोठ्या फिल्टरवर लेन्सचं टोपडं बसत नाही. तिरपं ऊन काचेवर पडलं की चित्र पांढुरकं होतं, म्हणून कुणीतरी शेजारी छत्री धरून उभं राहावं लागतं. ते काम घरातल्या हसणाऱ्या पुरुषमंडळींना दिलं.

ऑनलाइन मागवलेली वस्तू ठरावीक दिवसांत परत करता येते. आलेल्या पहिल्याच दिवशी आम्ही तिची परीक्षा घेतली, आणि एक फिल्टर नापास करून परतही पाठवला. परीक्षेला काही लागत नाही. एक कोरा पांढरा कागद, एक वर्तमानपत्र आणि एक पांढरी भिंत.

कोरा कागद उन्हात ठेवून फिल्टर कमी, मध्यम आणि जास्त अशा तिन्ही जागी फोटो काढायचा. नावातलं ‘न्यूट्रल’ म्हणजे रंगाच्या बाबतीत तटस्थ. स्वस्त फिल्टर तिथेच घसरतात. परत पाठवलेल्या त्या फिल्टरमध्ये जास्तीच्या टोकाला कागद शेणानं सारवल्यासारखा पिवळट-हिरवा दिसत होता. थोडा रंग सगळेच चढवतात आणि फिल्टर लावूनच व्हाइट बॅलन्स जुळवला की तो निघूनही जातो. पण तिन्ही जागी तीन वेगळे रंग येत असतील तर फिल्टर परत करावा, कारण फिरवता फिरवता माणसाच्या चेहऱ्याचा रंग बदलत जाणार.

वर्तमानपत्र भिंतीला टाचून, कॅमेरा तिपाईवर ठेवून, लेन्स जितकी जवळ आणता येते तितकी आणून फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय फोटो काढायचा आणि छोट्या जाहिरातींचा टाइप वाचता येतो का बघायचं. काच वाईट असेल तर अक्षरं लोणी लावल्यासारखी होतात. आम्ही याच साप्ताहिकाचा जुना अंक वापरला, संपादकांनी राग मानू नये.

पांढरी भिंत फुलीसाठी. लेन्स सर्वांत रुंद करायची आणि कडा फिरवत जायची. जिथे भिंतीवर पहिली काळी सावली दिसते, त्याच्या किंचित अलीकडे कडेवर खूण करायची. लेकीने तिथे नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. रुंद लेन्सला तिथवरच जायचं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला मात्र फुली दिसली नाही, ती टोकापर्यंत चालते. अव्वांनी ठिपका पाहून विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, “अव्वा, ही याची हद्द.” त्या हसल्या. त्यांची हद आणि आपली हद्द, अंतर एका जोडाक्षराचं. पण फिल्टर निवडायचा म्हणजे दोन्ही पाहाव्या लागतात. याची हद्द कुठवर आणि आपल्या कामाची हद त्यात येते का.

आणखी एक गोष्ट मला कुठल्याच खोक्यावर लिहिलेली आढळली नाही, ती चिकाने शिकवली. पाणी, पान, काच, घामेजलेली कातडी यांच्यावरची तिरपी चमक हे फिल्टरमधले पडदे कमी-जास्त पुसून टाकतात. पोलरॉइड गॉगल घातला की तळ्यातला तळ दिसतो तो याचमुळे. चेहऱ्याच्या बाबतीत हे पथ्यावर पडतं, कपाळ चमकत नाही. पण चीक शिजत आला की पांढरा रंग जाऊन तो काचेसारखा तकतकीत होतो आणि ती तकाकी बघूनच अव्वा म्हणतात, “हद बंतु.” सरावाच्या दिवशी खळीच्या पातेल्यावर फिल्टर फिरवून पाहिला तर स्टीलच्या काठाची चमक तशीच राहिली, कारण धातूची चमक या पडद्यांना जुमानत नाही. खळीची मात्र गेली. म्हणजे जे शिकायला हा सगळा खटाटोप, नेमकं तेच चित्रातून पुसलं गेलं असतं. म्हणून ठरवलं की चुलीजवळचं चित्रण फिल्टर काढूनच करायचं. तसंही आत उजेड कमी, आणि हा फिल्टर कमीत कमी दोन पायऱ्या खाणारच. सोऱ्या बाहेर निघाला की मग तो चढवायचा.

हिशेब सांगून टाकते. फिल्टर साडेतेवीसशे, दोन कडी मिळून पाचशे. चार हजारांतले साडेअकराशे उरले. ते लेकीने कॉलरला लावायच्या छोट्या माइकवर घातले, आणि महिनाभराच्या या शोधातली सर्वांत शहाणी खरेदी तीच, असं मला आज वाटतं. महागडा फिल्टर घेतला असता तर चित्र थोडं अधिक नितळ आलं असतं आणि अव्वांचा आवाज मात्र कावळ्यांच्या नि रिक्षांच्या आवाजात बुडाला असता. माइक इरकल लुगड्याच्या पदराला लावला, वायर जुन्या मोबाइलला आणि तो मोबाइल त्यांच्या चंचीत, अडकित्त्याशेजारी. कॅमेऱ्यातला आवाज आणि मोबाइलमधला आवाज पुढे जुळवण्यासाठी सुरुवातीला एक टाळी वाजवावी लागते. “आरती हाय काय?” असं म्हणत अव्वांनी ती वाजवली.

दोन दिवस चित्रण झालं. एकूण साडेतीन तास. त्यात कुरडई आहेच, पण माइकने बरंच काही जास्तीचं पकडलं. अव्वा मापं मराठीत बोलतात, सूचना कन्नडमध्ये देतात आणि रागावतात दोन्ही भाषांत. सोऱ्या भरताना त्या स्वतःशी पुटपुटतात हे साठ वर्षांत या घरात कुणी ऐकलं नव्हतं. पहिली कुरडई त्या आपल्या आईच्या नावाने घालतात. ते नाव माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पडवीतून उन्हात येताना लेकीचं बोट फिल्टरच्या कडेवर फिरतं, त्या वेळी चित्र क्षणभर काळवंडतं आणि पुन्हा सावरतं. व्यावसायिक माणूस तो क्षण कापून टाकील. आम्ही ठेवला आहे.

पावसाळ्यात अव्वांचं मनगट जास्तच धरलं. डॉक्टरांनी पिळायचं, दाबायचं काम बंद सांगितलं आहे. सोऱ्या माळ्यावर गेला. पुढच्या होळीनंतर तो काढायचा तर हात लेकीचा असणार, हे न बोलता ठरलं आहे. म्हणून एका रविवारी चित्रफीत टीव्हीला जोडून सगळ्यांनी बसून पाहिली. बेंगळूरहून दीर-जाऊ आले होते, त्यांची मुलं होती. मराठी तोडकं समजणारी ती मुलं अज्जीचं कन्नड ऐकून हसत होती आणि मराठी आलं की माझ्याकडे बघत होती.

मला वाटलं होतं, अव्वा आपला चेहरा बघतील. मागचं धूसर झालेलं परस, पदराचा रंग, हातांवरच्या शिरा, ज्यासाठी आम्ही महिनाभर पायऱ्या मोजल्या ते सगळं त्यांच्या नजरेत भरेल. त्यांनी त्यातलं काही पाहिलं नाही. खुर्ची पुढे ओढून, चष्मा वर सरकवून त्या उन्हात मांडलेल्या कुरडयांकडेच बघत होत्या. मग बोट थेट टीव्हीला लावून लेकीला म्हणाल्या, “ती कडेची बघ. अजून वल्ली हाय. ती इतक्यात उलथू नको.”

लेक उठली आणि वही घेऊन आली.